घरातच सोयरीक, घराण्याचीच अखेर

१५८० मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगालची गादीही मिळवली. त्यामुळे पुढची ६० वर्षं आपल्या गोव्यावरही फिलिपच्याच हॅब्सबर्ग घराण्याचा अंमल होता!

अमेरिकेतून चांदीने भरलेली जहाजं यायची, तरी तिजोरीत खडखडाट. सततच्या युद्धांपायी फिलिपने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये सावकारांची देणी थांबवली. पुढे चौथ्या फिलिपच्या काळात, १६४० मध्ये कातालोनिया आणि पोर्तुगाल दोन्हीकडे बंड झालं, १६४८ मध्ये डचांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं.

पण खरा घात घरातच झाला. सत्ता बाहेर जाऊ नये म्हणून लग्नं नात्यातच. याच चौथ्या फिलिपचा मुलगा बाल्तासार कार्लोस १६४६ मध्ये वारला. त्याची वाग्दत्त वधू मारियाना ही फिलिपची सख्खी भाची. १६४९ मध्ये फिलिपने स्वतःच तिच्याशी लग्न केलं! त्यांची मुलगी मार्गारीता, म्हणजे वेलास्केथच्या ‘लास मेनिनास’ चित्रातली मधली चिमुकली. पुढे तिलाही सख्ख्या मामालाच दिली.

मार्गारीताचा भाऊ, पुढचा राजा दुसरा कार्लोस जन्मापासून आजारी. पुढे आलेल्या जबड्यामुळे त्याला धड चावताही येत नसे. दोन लग्नं झाली, मूल झालं नाही. १ नोव्हेंबर १७०० ला तो गेला आणि मृत्युपत्राने गादी फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाला मिळाली.

त्यावरून युरोपभर युद्ध पेटलं. त्यातच स्पेनने गमावलेलं जिब्राल्टर आजही ब्रिटनकडे आहे.