ट्रेकनंतर पोटऱ्या दुखतात? आधी दिवस मोजा

नाशिकहून मित्रांसोबत तीन-चार दिवसांचा ट्रेक करायचा तर भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीची वाट अनेकांच्या आवडीची. शेंडीहून निघायचे, मुरशेत, पांजरे, साम्रद करत रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाशी पोहोचायचे आणि परत शेंडी गाठायची. काही जण मध्येच रतनगडही चढून येतात. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाजवळ शेवटचा फोटो काढला, की ट्रेक संपला असे आपण म्हणतो. शरीराकडे मात्र त्यानंतरही तीन-चार आठवडे लक्ष ठेवावे लागते.

ट्रेकनंतरची सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे "डॉक्टर, पोटऱ्या दुखतात." ही तक्रार कितव्या दिवशी सुरू झाली आणि सोबत आणखी काय होते आहे, यावरून तिचा अर्थ बदलतो.

पहिले तीन दिवस: बहुतेक वेळा साधे दुखणे

उतार उतरताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. त्यामुळे स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि आठवड्याभरात जाते. ते दोन्ही पायांत असते, जिना उतरताना वाढते आणि ताप नसतो. "लॅक्टिक अॅसिड साचले" असे म्हटले जाते, पण ते तर चालणे थांबल्यावर काही तासांतच निघून जाते.

यावर भरपूर पाणी, नेहमीचा आहार, झोप आणि घरातल्या घरात हलके चालणे पुरेसे आहे. फारच दुखले तर पॅरासिटामॉल घ्या. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. अंगातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

लघवीचा रंग पाहा

दुखणे असह्य आहे, स्नायू सुजून कडक झाले आहेत आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी होते आहे, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायू मोठ्या प्रमाणात तुटले की त्यातील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. सीपीके आणि क्रिएटिनिन या रक्ततपासण्यांतून निदान होते. वेळेवर सलाइन मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

एकाच पोटरीला सूज

एकच पाय सुजला, गरम लागतो, दाबल्यावर दुखतो, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ट्रेकनंतर लांबचा बस किंवा विमान प्रवास झाला असेल, तर ही शक्यता विशेष लक्षात ठेवा. असा पाय चोळू नका, मालिश करू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले तर १०८ वर फोन करा.

पाचव्या दिवसानंतर: पोटऱ्या आणि ताप

स्नायूंचे दुखणे ओसरले होते आणि आठव्या-दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या पुन्हा दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो "ट्रेकचा थकवा" समजू नका. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदीर आणि गुरांच्या लघवीतील जंतू चिखल, ओढा, भातखाचरातील पाण्यात असतात आणि पायावरच्या जखमेतून किंवा फुटलेल्या फोडातून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांत, क्वचित महिन्याभरानेही दिसतात.

दुसरा आजार स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. गवत-झुडपांतील अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यानंतर साधारण ६ ते २१ दिवसांत ताप येतो. चाव्याच्या जागी काळी, न दुखणारी खपली दिसू शकते. ती बहुधा काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली असते, त्यामुळे मुद्दाम शोधावी लागते.

दोन्ही आजारांवर प्रभावी प्रतिजैविके उपलब्ध आहेत. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंडे आणि फुप्फुसांवर परिणाम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. डॉक्टरांना ट्रेकची माहिती नसेल तर उपचार डेंग्यू-मलेरियाच्या दिशेनेच सुरू राहू शकतात. म्हणून तपासणीच्या सुरुवातीलाच सांगा: "अमुक तारखेला भंडारदऱ्याहून परतलो, पाण्यातून चाललो, गवतात झोपलो."

घरी आल्यावर एवढे करा

- साबणाने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा, अंगावर कुठे खपली आहे का पाहा.
- पायाचे फोड फोडू नका. फुटलेले असतील तर स्वच्छ धुऊन झाकून ठेवा.
- मधुमेह असेल तर आठवडाभर रोज तळवे पाहा. संवेदना कमी असल्यास जखम झालेली कळत नाही.
- परतल्याची तारीख घरच्यांना सांगून ठेवा.
- कोणालाही ताप आला तर मित्रांच्या ग्रुपवर लगेच कळवा. सगळे त्याच पाण्यातून चाललेले असतात. एकाचे निदान झाले की दुसऱ्याचे उपचार लवकर सुरू होऊ शकतात.