फुलं दोघांची, पाणी कुणाचं?

रोहाऊसचा ताबा मिळतो तेव्हा दारापुढे साधारण १० बाय १२ फुटांचा मातीचा तुकडा शिल्लक असतो. त्यात खडी, विटांचे तुकडे, सिमेंटची वाळलेली ढेकळं मिसळलेली असतात. या तुकड्याचं काय करायचं, यावर नवराबायकोचं लगेच एकमत झालं असं घर विरळा. एकाला मोगरा, जास्वंद, पारिजातक हवा असतो. रोजच्या पूजेची फुलं घरचीच असावीत अशी जुनी इच्छा असते. दुसऱ्याला ‘फारसं बघावं लागणार नाही’ असं काहीतरी हवं असतं. फुलांची बाजू नेहमी बायकोच घेते असा समज आहे, पण गुलाबांपायी सगळा रविवार मातीत घालवणारे नवरे आणि त्यावर वैतागणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत.

नाशिकच्या एका घरात ऐकलेला हा संवाद:

“अहो, एवढी जागा असून दसऱ्याला झेंडू विकतच आणायचा का?”

“अगं, झेंडूला माझी ना नाही. मे महिन्यात आपण गावाला जातो तेव्हा पाणी कोण घालणार, एवढंच सांग.”

भांडणाचं मूळ इथे आहे. फुलं दोघांनाही हवी आहेत. मात्र ‘कमी कामाची बाग’ म्हणताना दोघं वेगवेगळी कामं मोजत असतात. एक जण रोजची कामं मोजतो: पाणी, पडलेला पाचोळा, कुंडीखालची ताटली. दुसरा वर्षाची मोजतो: छाटणी, शेणखत, माळ्याची मजुरी. स्वतःला करावं लागणारं काम मोठं वाटतं आणि दुसऱ्याचं दिसतही नाही. त्यामुळे कोणतं झाड सोपं, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ते झाड कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी हात मागतं आणि त्या वेळी घरात कोणाचे हात मोकळे असतात, हे आधी विचारायला हवं.

पारिजातकाचंच पाहा. एकदा रुजला की तो फारसं काही मागत नाही. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत अंगणात रोज सडा पडतो. ज्याला तो सडा खिडकीतून दिसतो, त्याच्या दृष्टीने हे बिनकामाचं झाड; ज्याला कामावर निघण्यापूर्वी अंगण झाडायचं असतं, त्याच्या दृष्टीने नाही. कृष्णाने पारिजात आणून सत्यभामेच्या दारी लावला आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात पडू लागली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. झाड कुठे लावायचं यावरून घरात वाद होणं इतकं जुनं आहे.

या वादातून हमखास निघणारी तडजोड म्हणजे हिरवळ, आणि ती मला सर्वांत चुकीची वाटते. ‘मग साधं लॉनच करू’ असं दोघं म्हणतात, कारण त्यात कुणाची हार होत नाही. पण घरगुती बागेत हिरवळीइतकं राबवून घेणारं दुसरं काही नाही. पावसाळ्यात ती दर आठवड्याला कापावी लागते. लव्हाळा एकदा शिरला की जमिनीखालच्या गाठींमुळे वर्षानुवर्षं हटत नाही. वरचं पातं उपटलं तरी गाठ पुन्हा फुटते. पाण्याचा हिशोब तर सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर धरले, तर १० बाय १२ फुटांच्या, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटरच्या तुकड्याला रोज ५५ लिटर लागतात. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे तीन-चार बादल्या पाणी रोज कोण ओतणार? शिवाय एवढं करून फूल एकही नाही.

दुसरा फसवा क्षण येतो जानेवारीत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर वर्षी पुष्पप्रदर्शन भरतं. १८३० साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही बाग सांभाळते. ते प्रदर्शन जरूर पाहावं, दोघांनी मिळून पाहावं. पण तिथून परतताना घेतलेले पिटुनिया, पॅन्सी थंडीचे पाहुणे आहेत. मार्च तापू लागला की ते माना टाकतात. एप्रिलमध्ये रिकाम्या कुंड्यांवरून होणारी कटकट या खरेदीतून जन्मते, आणि त्यात पाणी घालणाऱ्याचा दोष नसतो.

आपल्या हवेत खरंच कमी मागणारी फुलझाडं आहेत आणि ती बहुतेक आजीच्या परसातली आहेत. गुलबक्षी घ्या. दुपार कलली की उमलते, जमिनीखाली कंद धरते, उन्हाळ्यात वर काही उरलं नाही तरी पावसाच्या सरींबरोबर परत फुटते. कर्दळीचंही तसंच. तेरडा गौरीच्या दिवसांत लागतोच. त्याच्या पिकलेल्या बोंडाला हात लागला की ते तडकून बी उडतं आणि पुढच्या वर्षीची पेरणी आपोआप होते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण एकदा लावलेला तेरडा वर्षानुवर्षं त्याच जागी उगवताना दिसतो. सदाफुली मूळची मादागास्करची. कर्करोगावरची व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं तिच्यापासून मिळाली. तिला एकच गोष्ट सोसत नाही, मुळाशी साचलेलं पाणी. काळजीपोटी रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्याच्या हातून ती जाते आणि विसराळू माणसाकडे वर्षभर फुलते. बोगनवेलीचंही असंच आहे. जास्त पाणी दिलं की नुसती पानं वाढतात, ताण दिला की रंग येतो. घरातल्या ज्या माणसाला पाण्याची आठवण राहत नाही, त्याच्या नावाने ही दोन झाडं लावावीत.

सावलीच्या बाजूला अबोली. तिला वास नाही, पण गजरा दोन-तीन दिवस टिकतो. कुंपणालगत तगर, ती छाटली नाही तरी रुसत नाही. चाफ्याची फांदी तोडून, चीक वाळू देऊन मातीत खोवली की लागते. हिवाळ्यात चाफा निष्पर्ण होतो, तेव्हा ‘मेला वाटतं, काढून टाकू’ असं घरात कुणीतरी म्हणतंच. काढू नये.

मोगऱ्याचं काम थोडं, पण वेळेवर. थंडीत पाणी कमी करून त्याला विश्रांती द्यायची, पानं उतरवून हलकी छाटणी करायची, मग खत आणि पाणी सुरू. हे वर्षातलं एका सकाळचं काम चुकलं तर उन्हाळ्यात फूल कमी येतं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो आणि त्याचा गोड स्राव खायला येणाऱ्या मुंग्या त्याची राखण करतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की समजावं. सुरुवातीलाच साबणाच्या पाण्याने पुसून काढलं तर निभावतं. गुलाब मात्र कमी देखभालीच्या यादीत मी घेणार नाही. ऑक्टोबरची छाटणी, पानांवरचे काळे ठिपके, शिवाय कलमाच्या सांध्याखालून फुटणारे रानटी फुटवे. ते वेळीच काढले नाहीत तर मूळ गुलाब दडपतो. गुलाब हा छंद आहे आणि तो ज्याचा छंद त्यानेच सांभाळावा. कुणाच्या आवडीचे काटे दुसऱ्याच्या हाताला लागू नयेत.

काही वाद समजुतींमुळे होतात. ‘रातराणी नको, साप येतात.’ साप सुगंधाच्या ओढीने येत नाहीत. ते उंदीर, बेडूक आणि अडगळ शोधत येतात. झाडाखाली विटा-लाकडांचा ढीग नसला की पुरे. ‘ताटल्यांत डास होतात’ ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला बशीभर स्वच्छ पाणी पुरतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली पालथी करून घासायलाच हवी. घरात रांगतं मूल असेल तर कण्हेरीला नाही म्हणणाऱ्याचं ऐकावं. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

फ्लॅटच्या बाल्कनीतला एक वाद मला फार आवडतो, कारण त्यात दोघांचंही काही चुकत नाही. शेवंती दिवाळी झाली तरी कळी धरत नाही. ‘तू खत दिलं नाहीस’, ‘तू पाणी जास्त घातलंस’ असं चालू राहतं. शेवंतीच्या बहुतेक जातींना फुलण्यासाठी रात्र मोठी आणि अखंड अंधारी लागते. बाल्कनीतला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असेल किंवा रस्त्याचा दिवा समोर असेल, तर तिच्या लेखी हिवाळा आलेलाच नसतो. कुंडी चार फूट आत अंधारात सरकवली की झालं.

आता मे महिन्याचं पाणी. मातीवर वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या सोडणाचा तीन-चार बोटं जाड थर दिला तर ओल कितीतरी जास्त टिकते. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला साधा मातीचा माठ पाण्याने भरून झाकला की पाझरत राहतो आणि भोवतालच्या मुळांना पाणी मिळतं. त्याहून लांबची सुट्टी असेल तर नळाला लावायचा टायमर आणि ठिबकची नळी. ताशी २ लिटरचे १० ड्रिपर रोज १५ मिनिटं चालले तर सगळं मिळून ५ लिटर पाणी जातं. नाशिकच्या त्या नवऱ्याच्या प्रश्नाला हे उत्तर आहे, आणि त्याचा प्रश्न रास्त होता.

जागा अर्धी-अर्धी वाटून घेणारी जोडपी असतात. मला ते पटत नाही. एकाच्या वाफ्यातलं तण दुसऱ्याच्या वाफ्यात जातंच. त्यापेक्षा कामं वाटावीत. जो सकाळी घरी असतो त्याच्याकडे पाणी आणि फुलं तोडणं. ज्याला फक्त रविवार मोकळा, त्याच्याकडे ताटल्या, छाटणी, खत.

आणि घाई नको. झाडं लावायची ती जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. तोवर दीड फूट माती उकरून चाळावी, राडारोडा काढावा, शेणखत मिसळून ठेवावं. या महिन्यांत ऊनही मोजून होतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या घरात दिवाळीच्या सुमारास एक जण म्हणतो, ‘इथे ऊनच नाही’, दुसऱ्याला मात्र मेमधलं टळटळीत ऊन आठवत असतं. दोघंही बरोबर असतात. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तर डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला कललेला असतो आणि घराची सावली त्या अंगणावर लांबवर पडते. २२ डिसेंबरच्या आसपास आणि मग मेच्या अखेरीस, दोन्ही वेळा सकाळी नऊला, दुपारी एकला आणि चारला दोघांनी मिळून सावलीच्या कडेला खुंट्या ठोकाव्यात. बारा महिने ऊन पडतं तिथे बोगनवेल आणि सदाफुली, फक्त उन्हाळ्यात ऊन येतं तिथे मोगरा, आणि जिथे दोन्ही वेळा सावलीच असते तिथे अबोली.