श्टुटगार्टचा हिवाळा आणि पिंपरीची मंडळी

१९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षं टेल्कोच्या ट्रकच्या नाकावर श्टुटगार्टच्या डाइमलर-बेंझचा तीन टोकांचा तारा होता. करार संपला, तारा उतरला. पण श्टुटगार्टशी जुळलेलं नातं काही सुटलं नाही. सुमंत मुळगावकरांच्या काळात पिंपरीत टेल्कोचा कारखाना उभा राहिला आणि १९९५ साली याच आवारात डाइमलर-बेंझची ई-क्लास जोडली जाऊ लागली. २००९मध्ये मर्सिडीजनं चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सनं, म्हणजे जुन्या बजाज टेम्पोनं, डाइमलरचं डिझेल इंजिन परवान्यावर बनवलं. मर्सिडीजच्या इथल्या गाड्यांची इंजिनं आजही हीच कंपनी चाकणला जुळवते. बॉश आणि माहले या दोन्ही कंपन्यांची मूळ घरं श्टुटगार्टची, आणि दोघींचेही कारखाने चाकणला आहेत.

निगडी प्राधिकरण, यमुनानगर, शाहूनगर, संभाजीनगर इथली एक पिढी या कंपन्यांच्या भोंग्यावर जगली. १९९५ साली ऐन तिशी-पस्तिशीत पिंपरीच्या लाइनवर उभा असलेला माणूस आज निवृत्त आहे. त्याच्या पिढीतल्या कित्येकांची मुलं इंजिनिअर होऊन जर्मनीला गेली. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांमध्ये २०१५ पासून भागीदारी आहे, फेब्रुवारी २०२४मध्ये कुशल मनुष्यबळाचा करारही झाला. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. तेव्हा ‘आईबाबा, या ना आता तिकडे’ हा फोन प्राधिकरणातल्या कुठल्याही जिन्यात ऐकू येतो, आणि बऱ्याचदा तो श्टुटगार्टहूनच आलेला असतो.

आपल्या मध्यमवर्गाला युरोप दाखवला तो ग्रुप टूरनं. केसरी पाटलांनी १९८४मध्ये सुरू केलेल्या कंपनीनं आणि तिच्या मागून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती असलेल्या हजारो माणसांना पुरणपोळीसकट आल्प्सच्या पायथ्याशी नेलं. हे काम मोठं आहे. पण दहा-बारा दिवसांत सहा-सात देश, रोज पहाटेचा वेक-अप कॉल, बॅगा खाली आणा, बसमध्ये बसा, हा प्रकार ज्यानं पस्तीस वर्षं पहाटे साडेपाचला कंपनीची बस गाठली त्याला निवृत्तीनंतर पुन्हा कशाला हवा? आणि त्याच्या आधी तासभर उठून डबा भरणाऱ्या बाईला तर मुळीच नको. निवृत्त जोडप्यानं एका शहरात जावं, तिथंच राहावं आणि शक्यतो हिवाळ्यात जावं. पिंपरी-चिंचवडकरांसाठी ते शहर श्टुटगार्ट असावं.

हिवाळा कशाला, असा पहिला प्रश्न येतो. डिसेंबरात तिथं सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला दिवे लागतात. पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो. शहर टेकड्यांच्या मधल्या खोलगट वाटीत आहे, त्यामुळे बर्फ टेकडीवर पडतो आणि खाली नुसताच पाऊस, असंही होतं. पण दिवस लहान म्हणजे घाई आपोआप संपते. एका दिवसात एकच ठिकाण, दुपारी उशिरा घरी, चहा, गप्पा. थर्मलचे दोन जोड, न घसरणारे बूट, कानटोपी एवढी तयारी असली की थंडी बाधत नाही. घरं, ट्रॅम, दुकानं सगळी आतून उबदार असतात. महाबळेश्वरला जानेवारीत बिनहिटरच्या खोलीत रात्र काढलेल्या माणसाला हे सोपंच जाईल.

पहिला आठवडा बाजारात जातो. श्टुटगार्टच्या नाताळ बाजाराचा लेखी उल्लेख १६९२ सालचा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २३ डिसेंबरपर्यंत शिलरप्लाट्स, मार्क्टप्लाट्स, जुना राजवाडा या सगळ्या परिसरात लाकडी टपऱ्यांची रांग लागते, आणि इथली खासियत टपऱ्यांच्या छपरांवर असते. पाइनच्या फांद्या, बाहुल्या, लाकडी प्राणी, दिवे. सजावटीची चुरस असते. गणेशोत्सवात चिंचवडगावातले देखावे बघत हिंडणाऱ्यांना ही चुरस लगेच ओळखीची वाटते. भाजलेल्या चेस्टनटचा कागदी पुडा हातात घ्यावा, मसाला घातलेलं गरम द्राक्षारसाचं पेय मुलांसाठी दारूविना मिळतं ते घ्यावं. कपाची अनामत रक्कम आधी भरावी लागते, कप परत केला की ती मिळते. एस-बान या लोकलनं थोड्याच वेळात एसलिंगनला पोहोचता येतं. तिथला बाजार मध्ययुगीन थाटाचा, लोहार आणि दोर वळणारे कारागीर समोर काम करत बसलेले असतात. टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस त्या ऐरणीपुढून लवकर हलणार नाही.

मर्सिडीजचं संग्रहालय मात्र घाईनं बघू नये. २००६मध्ये उघडलेली ही इमारत डच वास्तुकार बेन फान बेर्केल यांच्या संस्थेनं रचली. नऊ मजले, सुमारे १६० गाड्या. लिफ्ट माणसाला थेट वर, १८८६ सालात नेऊन सोडते आणि मग एकमेकींत गुंफलेल्या दोन उतरत्या वाटांनी वर्षं पुढे सरकत खाली येतात. चढ कुठेच नाही, त्यामुळे साठीपुढच्यांना ते झेपतं. वरच्या मजल्यावर कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीचा मान आहे. तिचा पेटंट अर्ज २९ जानेवारी १८८६चा, क्रमांक ३७४३५. सुटे सुटे भाग उघडे दिसतात: आडवं पडलेलं मोठं चाक, साखळी, पट्टा. आतलं काही झाकलेलं नाही. पिंपरीच्या असेम्ब्ली लाइनवर काम केलेल्या माणसाला ती गाडी वाचता येते. कुठला भाग कशाला जोर देतो हे तो बायकोला बोटानं दाखवू शकतो. इतक्या वर्षांत आपण कंपनीत नेमकं काय करत होतो हे तिला सांगण्याची अशी संधी त्याला क्वचितच मिळालेली असते.

पण या गाडीच्या गोष्टीतलं मोठं पात्र बेर्टा बेंझ आहे. तिच्या माहेरच्या पैशावर नवऱ्याचा कारखाना तगला होता. ऑगस्ट १८८८मध्ये नवऱ्याला न सांगता, ऑयगन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून माहेरी, प्फोर्त्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वरची वाट, आणि तोवर कुणीही मोटारीनं एवढा पल्ला गाठला नव्हता. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं लिग्रोइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांना गाडी ढकलावी लागली. परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा. आजच्या भाषेत हा रोड टेस्टचा अहवाल झाला, आणि तो एका गृहिणीनं दिला. शिफ्ट बदलली की स्वयंपाकाची, झोपेची, पोरांच्या अभ्यासाची वेळ बदलणाऱ्या, ओव्हरटाइमच्या महिन्यात एकट्यानं घर ओढणाऱ्या पिंपरीच्या बायकांना ही गोष्ट कुणीतरी नीट सांगायला हवी. प्फोर्त्सहाइम श्टुटगार्टपासून जवळ आहे, साध्या रेल्वेनं सकाळी जाऊन दुपारी परतता येतं.

बजाजमधून निवृत्त झालेल्यांनी श्टुटगार्टमधल्याच बाड कान्श्टाटच्या बागेकडे जावं. गोटलीप डाइमलरनं १८८२मध्ये इथं घर घेतलं आणि बागेतल्या काचघराला जोडून वर्कशॉप बांधलं. तो आणि विल्हेल्म मायबाख दारं लावून दिवसरात्र काही ठोकत बसायचे. माळ्याला संशय आला की हे खोटी नाणी पाडतात, म्हणून त्यानं पोलिसांना कळवलं, अशी हकिकत सांगतात. पोलिसांना सापडली ती इंजिनं. १८८५मध्ये याच खोपटातून लाकडी सांगाड्याची, अर्ध्या अश्वशक्तीची दुचाकी बाहेर पडली, जगातली पहिली मोटारसायकल. मूळ गाडी १९०३च्या आगीत जळाली, आता दिसते ती प्रतिकृती. आकुर्डीच्या गेटमधून १९७२ पासून चेतक बाहेर पडत होती, तिच्या वंशावळीचं पहिलं पान हे आहे. वर्कशॉपच्या वेळा हंगामानुसार बदलतात, त्या आधी पाहून ठेवाव्यात. बंद असलं तरी फेरी वाया जात नाही, कारण कान्श्टाट खनिज पाण्याचं गाव आहे. युरोपात बुडापेस्टखालोखाल सर्वांत जास्त खनिज पाणी इथं जमिनीतून वर येतं. गरम कुंडांची मोठी स्नानगृहं आहेत, आणि रस्त्याकडेच्या कारंज्यांवर लोक बाटल्या भरून नेतात. पाण्याला लोखंडाची चव असते.

एक फेरी दक्षिणेकडे. झ्युडहाइमर प्लाट्सवरून दोरानं ओढली जाणारी छोटी गाडी टेकडीवर जाते, १९२९ पासून. डबे सागवानी आहेत. बाकावर हात फिरवला की जुन्या वाड्यातल्या झोपाळ्याची आठवण व्हावी असं गुळगुळीत, मध वर्णाचं लाकूड, पितळी मुठी. शहराचं नेहमीचं तिकीट चालतं. वर उतरलं की वनातली दफनभूमी आहे आणि तिथं रॉबर्ट बॉशची समाधी. १८८६मध्ये श्टुटगार्टला छोटं वर्कशॉप काढणाऱ्या या माणसानं १९०६मध्ये आपल्या कामगारांना आठ तासांचा दिवस दिला, जर्मनीत तसा कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी. भारतात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४८च्या फॅक्टरीज ॲक्टनं कायम केली. तीन पाळ्यांचं आयुष्य काढलेल्या कामगारानं त्या टेकडीवर फूल ठेवावं, इतका तो माणूस आपला आहे.

बाकीचं सवडीनं. १८८४ची दातेरी रेल्वे मारिएनप्लाट्सवरून डेगरलोखला चढते, खिडकीतून सगळी वाटी दिसते. तिथून पुढे फ्रिट्झ लेओनहार्टचा १९५६चा टीव्ही टॉवर. सुमारे २१७ मीटर उंच, काँक्रीटचा जगातला पहिला. वाइसनहोफ वसाहतीत ल कोर्बुझिएनं १९२७मध्ये बांधलेली दोन घरं २०१६ साली ज्या यादीतून जागतिक वारसा झाली, त्याच यादीत आपलं चंदीगडचं कॅपिटॉल संकुल आहे. आणि पाऊस असेल त्या दिवशी २०११मध्ये उघडलेलं शहर वाचनालय: आतून पूर्ण पांढरं, चौकोनी, मजल्यामागून मजला वर चढत गेलेली पुस्तकं, आत जायला पैसे नाहीत आणि कुणी उठवत नाही.

राहायचं मुलाकडे असेल तर त्या इमारतीचे नियम आधी समजून घ्यावेत. श्वाबेन मुलखात जिना आणि पदपथ झाडायची पाळी घराघरांत फिरते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकते. आठवडा संपला की ती शेजारच्या मुठीवर जाते. बर्फ पडला तर घरासमोरचा पदपथ सकाळी लवकर मोकळा करावा लागतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही: चीज आणि तळलेला कांदा घातलेले श्पेट्झले हे घरगुती नूडल्स, भाज्या भरलेल्या माउलटाशेन, आणि मसुराच्या आमटीसोबतचे श्पेट्झले. यातल्या शेवटच्या थाळीत सॉसेज येतं, ते नको म्हणून आधी सांगावं.

आता पैसा. खासगी कंपनीतल्या कामगाराची ईपीएस-९५ पेन्शन १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षं नोकरी धरली तरी महिना ७,५००च्या पुढे जात नाही, आणि किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयेच आहे. ही लाजिरवाणी रक्कम आहे. म्हणजे हा प्रवास घडतो तो ग्रॅच्युइटीतून, पीएफमधून किंवा मुलांच्या पगारातून, आणि चाकणच्या लाइनवर कंत्राटावर राबणाऱ्या आजच्या पोराच्या म्हातारपणी तो घडेल का, हा प्रश्न उरतोच. ज्यांना शक्य आहे त्यांनी हिशेब नीट करावा. शेंगेन व्हिसाला प्रौढांसाठी जून २०२४ पासून ९० युरो लागतात, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पुण्यातल्या केंद्रात अर्ज देता येतो, सहा महिने आधीपासून. रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह. डॉइचलांड तिकीट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. त्यात देशभरातल्या ट्रॅम, बस, लोकल आणि साध्या गाड्या येतात, वेगवान आयसीई येत नाहीत. मुंबईहून फ्रँकफर्टला उतरून आयसीईनं सव्वा-दीड तासात श्टुटगार्ट. तिथलं मुख्य स्थानक २०१० पासून नव्यानं बांधलं जात आहे, फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं, तेव्हा चाकांची एकच बॅग.

आणि नातवंडं सांभाळायला म्हणून बोलावलं असेल, तरी आठवड्यातले तीन दिवस आपले असं मुला-सुनेला पहिल्याच दिवशी सांगावं. हे आईनं सांगितलेलं बरं. वडील सांगत नाहीत.

जानेवारीत गर्दी ओसरते, संग्रहालयं मोकळी होतात. मुक्काम फेब्रुवारीपर्यंत लांबवता आला तर रोटवाइलला जावं, श्टुटगार्टपासून रेल्वेनं दीडेक तास. तिथं फासनेटच्या सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला ‘काळ्या वेशी’तून लाकडी मुखवट्यांची सोंगं उड्या मारत बाहेर पडतात, अंगावर घुंगरांचे पट्टे, मुखवटे पिढ्यानपिढ्या घरात जपलेले. हिवाळा पिटाळायचा हा त्यांचा सण; कोकणातला शिमगा बघितलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आदल्या रात्री गावातच मुक्काम केला तर आठचा ठोका सापडतो. गावाबाहेरच्या मनोऱ्यावरही जावं. २४६ मीटर उंच, आणि २३२ मीटरवरचा सज्जा लोकांना खुला. आत लिफ्टची चाचणी चालते, म्हणून गावकरी त्याला टेस्ट-टॉवर म्हणतात. तो टीके एलिव्हेटर कंपनीचा आहे. तिचा भारतातला कारखाना चाकणला आहे.