मुंबईंतील खापरें आणि कुंभारांचें स्थलांतर

मुंबई बेटाच्या मध्ययुगीन वस्तीची साक्ष प्रथम दगडानें दिली. परळ येथील शिलाहार अपरादित्याचा शक ११०९ चा (इ. स. ११८७) शिलालेख संशोधकांस परिचित आहे, त्याच परळांत १९३१ सालीं रस्त्याचें काम चालू असतां याहूनहि कित्येक शतकें जुनें भव्य शैव शिल्प हातीं लागलें. परंतु जेथें देऊळ व दान, तेथें मडकीं घडविणारे हातहि असलेच पाहिजेत. हे हात येथलेच, कीं बाहेरून आलेले?

राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरींत बिंबराजाबरोबर आलेल्या ६६ कुळांची हकीकत आहे. तीवरून कारागिरांचें स्थलांतर सिद्ध मानण्याचा मोह होतो. पण बखरीस खापराचा दुजोरा हवा.

तेथें प्रथम एक भेद केला पाहिजे. मडकें आलें, कीं कुंभार आला? संजाण येथील २००२ ते २००४ च्या उत्खननांत पश्चिम आशियांतील निळसर-हिरव्या झिलईचीं व चिनी भांडीं मिळालीं. तीं व्यापारानें आलेलीं. तेवढ्यावरून परदेशी कुंभार कोंकणांत राहिला असें ठरत नाहीं. माती येथली आणि घडण परकी, असें दिसलें तरच कुंभार आला असें म्हणण्यास जागा होते. घडण चाकाच्या रेषा, थापटण्याच्या खुणा व आव्यांतील भाजणी यांवरून ओळखतां येते. मातीची परीक्षा क्ष-किरणांनीं होते. डेक्कन कॉलेजांतील विश्वास गोगटे यांनीं याच रीतीनें अरिकामेडूच्या प्राचीन खापरांची माती बंगालच्या चंद्रकेतुगड-तामलुक भागांतील असल्याचें १९९७ सालीं मांडलें.

एवढेंहि पुरेसें नाहीं, हें मुंबईचेंच उदाहरण सांगतें. जे. जे. कलाशाळेंत १८७० च्या दशकांत टेरी यांच्या देखरेखीखालीं सिंधी पद्धतीचीं झिलईदार भांडीं होऊं लागलीं व कित्येकांवर अजिंठ्याच्या धर्तीचीं चित्रें काढलीं गेलीं. कागद नसते आणि केवळ तुकडे उरते, तर चित्रें पाहून आम्हीं कारागीर अजिंठ्याकडचा ठरविला असता! नक्षी एकीकडची व कसब दुसरीकडचें असूं शकतें. तसेंच कुंभारवाडा हें स्थलनाम धंदा सांगतें, मूळ गांव सांगत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, लालबाग-परळांत पाया खणतांना खापर दिसल्यास सुंदर तेवढें उचलूं नये. जागा, खोली व सोबतचे साधे तुकडे यांची नोंद आधीं करावी. आपल्या थरांतून सुटलेलें खापर कपाटांत शोभेल. साक्षीस मात्र उभें राहणार नाहीं.