तुसाची गादी आणि तिची ओल
कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर जो शोषक थर, म्हणजेच लिटर किंवा गादी, पसरला जातो, त्यासाठी भातपट्ट्यात तूस आणि इतरत्र लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले असे जवळपास स्वस्तात मिळणारे साहित्य वापरतात. खालचा सिमेंटचा कोबा धुण्यास सोपा असून उंदीर-घुशींनाही अडवतो. पिलांसाठी 2 ते 3 इंचांचा थर पुरतो, तर अंड्यांवरील कोंबड्यांची गादी हळूहळू 6 इंचांपर्यंत वाढवतात. खरा प्रश्न मात्र साहित्यापेक्षा ओलीचा असतो. ती साधारण 20 ते 25 टक्के असावी, कारण भिजलेल्या गादीत विष्ठेतील युरिक आम्लाचे विघटन होऊन डोळे चुरचुरवणारा अमोनिया वायू सुटतो आणि कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीचा प्रादुर्भाव वाढून रक्ती हगवण पसरते. मूठभर गादी दाबून सोडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ती अतिओली समजावी. अशा वेळी चुना मिसळण्याची चाल रूढ असली, तरी त्याने साठलेला अमोनिया उलट अधिक सुटू शकतो. गळकी पाण्याची भांडी दुरुस्त करून गादी वरचेवर खालीवर करणे अधिक उपयुक्त. बाहेरच्या मोकळ्या आवारात तूस पावसाने चिखलात मिसळते, म्हणून तेथे पाण्याचा निचरा होऊ देणारी जाडसर वाळूच बरी.