बोनेटखाली किती खोल जायचं?

जुनी गाडी नवी करायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी येतो तो बाहेरचा रंग आणि चमचमणारं क्रोम. पण पैसा, वेळ आणि संयम या तिघांची खरी परीक्षा होते ती बोनेटखाली. तिथे एका खणात उष्णता, तेल, पेट्रोल, वीज आणि बॅटरीतलं आम्ल असे सगळे एकत्र नांदतात. आणि तिथेच तो घातक विचार मनात येतो : ‘आता उघडलंच आहे, तर हेही करून टाकू!’ रेडिएटर काढला म्हणून डायनॅमो, डायनॅमो काढला म्हणून वायरिंग, वायरिंग निघालं म्हणून इंजिनच खाली. हौसेने उघडलेल्या कितीतरी गाड्या पुढे नट-बोल्टच्या पोत्यांसकट वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी ठरवायचं, थांबायचं कुठे.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो मामांच्या गाडीमुळे. मामा राहतात पालीला. अष्टविनायकातली पाली नव्हे. भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की मुर्धे, राई, मोर्वा करत समुद्राकाठी जे कोळीवाडे लागतात, त्यातली ही पाली. गाडी १९७२ ची, प्रीमियर प्रेसिडेंट. नाव ऐकून गोंधळू नका. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून जी ‘फियाट ११०० डिलाइट’ निघायची, तीच १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. म्हणजे मुंबईकरांच्या ओळखीची ती काळी-पिवळी टॅक्सी, जिला ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराने निरोप दिला. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं.

मामांचं म्हणणं साधं होतं. “बोनेट उघडलं की त्यात तोंड दिसलं पाहिजे!” म्हणजे इंजिन उतरवायचं, सगळा पत्रा खरवडायचा, नवा रंग, नट-बोल्टलासुद्धा क्रोम. माझा विरोध क्रोमपासूनच सुरू झाला. कुर्ल्याच्या कारखान्यातून अशी नटूनथटून एकही गाडी बाहेर पडली नसेल! जी गोष्ट मुळात नव्हतीच, ती आणणं म्हणजे जुनं परत मिळवणं नव्हे, तो नवा दागिना झाला.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. तिचा रोख असा, की आधी जपा, मग गरजेपुरती डागडुजी करा, आणि पूर्ण नूतनीकरण शेवटी. आपल्या भाषेत सांगायचं तर किल्ल्याच्या तटाला ऑईल पेंट फासू नका.

हे फक्त तत्त्वज्ञान नाही, त्याला आपल्याकडे कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत व्हिंटेज वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी शेल वा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांनीच ती रस्त्यावर आणायची. मामांना तर दर रविवारी आणि गावातल्या प्रत्येक लग्नाला गाडी काढायची असते. तेव्हा सध्या साधीच नोंदणी ठेवायची, पण ‘व्हीए’चं दार आपल्या हातांनी बंद होईल असं काही करायचं नाही, ही पहिली मर्यादा ठरली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे बोनेटखालचा पत्रा कापून आकार बदलणं बाद. ब्लॉकवर कोरलेल्या इंजिन नंबरवर ग्राइंडर फिरवणं तर बादच बाद; तो नंबर आरसी बुकात आहे.

दुसरी मर्यादा समुद्राने ठरवली. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि त्याला तर साधारण ३३ टक्केही पुरतात. म्हणजे पालीत पाऊस नसतानाही मिठाचा थर बसलेला पत्रा ओलाच असतो. असा उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस झाक दिसते. मीठ न धुता वरून प्रायमर मारला तर रंगाखाली ते पाणी ओढत राहतं आणि काही महिन्यांत फोड येतात. म्हणून आमचा नियम झाला : एका दिवसात जेवढं गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, प्रायमर मारून पुरं होईल, तेवढाच भाग खरवडायचा. मामांचा ‘सगळं एकदम’ बेत इथेच अर्ध्यावर आला.

मग गंज पाहिला. गंज तीन जातींचा. पहिला वरवरचा, जो पॉलिश पेपरने जातो. दुसरा खड्डे पाडणारा, त्याला फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावतात. ते गंजाचं काळपट फॉस्फेट करतं, त्यावर प्रायमर. तिसरा आरपार. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर ‘टण्’ऐवजी ‘थप्’ आवाज आला की समजा तिथे लोखंड उरलेलं नाही. लांबी भरून लपवलेली जागा लोहचुंबक सांगतो, तो तिथे चिकटत नाही. मामांच्या गाडीत आरपार गंज एकाच ठिकाणी निघाला, बॅटरीच्या तळाशी. तिथे आम्लाने पत्रा खाल्ला होता. तेवढाच तुकडा कापून त्याच जाडीचा, त्याच आकाराचा वेल्ड करायचं ठरलं.

गंमत म्हणजे इंजिनामागचा पत्रा ठणठणीत! इतकी वर्षं गळणाऱ्या पॅकिंगने त्यावर तेलाचा असा काही थर चढवला होता की मिठाला शिरकावच मिळाला नाही. तो थर घासून काढायचा तर इंजिन उतरवून रंग मारणं आलंच. मी म्हटलं, राहू दे.

इंजिन उतरवायचं की नाही, हे मत विचारून ठरवायचं नसतं, मोजून ठरवायचं असतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं. आकड्यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. चढला नाही तर दोष वर आहे, व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगमध्ये. आमचा एक सिलिंडर कमी आला आणि तेलाने हलला नाही. म्हणजे फक्त हेड उतरवा, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासा, पॅकिंग बदला. इंजिन जागेवरच! मामांचा चेहरा पडला, पण खर्चाचा आकडा सांगितल्यावर जरा खुलला.

आता एवढं मूळ-मूळ म्हटल्यावर तुम्ही विचाराल, जुन्या वायरीही ठेवायच्या का? नाही! जिथे आग लागू शकते किंवा ब्रेक जाऊ शकतो तिथे मूळपणाचा आग्रह मूर्खपणाचा. कडक होऊन तडकलेलं वायरींचं वेष्टन, पेट्रोलचे रबरी पाइप, ब्रेकचे होस हे सरळ नवं घालायचं. पेट्रोलचं तर आणखी एक कारण आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. इथेनॉल जुन्या जातीचं रबर फुगवतं, कुरतडतं आणि पाणीही ओढून घेतं. तेव्हा पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच हवेत. रेडिएटरमध्येही बोअरचं पाणी घालू नका. किनाऱ्यालगतचं पाणी मचूळ निघालं, तर बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड यांची त्यात जणू बॅटरीच तयार होते आणि हेड हळूहळू खाल्लं जातं. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट, बस्स.

डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवावा का, यावर आमचं दोन रविवार भांडण चाललं. माझी कसोटी एकच : उद्या कुणाला मूळ रूप परत आणायचं असेल तर नुसता पाना पुरेल का, की वेल्डिंग लागेल? नवं भोक न पाडता बसत असेल तर बसवा, आणि काढलेला डायनॅमो चिठ्ठी लावून ठेवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात खरे, पण टॅक्सीचा डायनॅमो तो टॅक्सीचा, आपला तो आपला.

तोंड दिसण्याच्या हट्टाचं काय? त्यासाठी मामांना एअर क्लीनरचा डबा दिला. तो सुटा निघतो, रंग चुकला तर पुन्हा खरवडता येतो. आतल्या बाजूला मूळ रंगाचा नखाएवढा तुकडा शिल्लक होता, त्याच्याशी जुळवून मामांनी तीन हात मारले. आता कुणीही आलं की ते बोनेट उघडून आधी तो डबा दाखवतात, आणि मागच्या तेलकट पत्र्याकडे कुणी बोट दाखवलंच तर म्हणतात, “ते भाच्याला विचारा.”