विजेचें थारोळें

किल्लारीचें नांव दूरवर पोंचलें तें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपामुळें. पुढें शास्त्रज्ञांनीं तेथें ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें, तेव्हां काळ्या पाषाणाचा थर सुमारें ३३८ मीटर जाड असल्याचें दिसून आलें. लातूरकडील शेतकऱ्याच्या हा पाषाण नित्याच्या ओळखीचा आहे. त्याच्या भेगांत मुरलेलें पाणी तो विंधनविहिरींतून उपसतो. पंपाची मोटार खोल पाण्यांत बुडालेली असते. ती जळाली म्हणजे सारी नळी वर ओढून काढावी लागते, आणि तोंपर्यंत शेतांतला हरभरा कांहीं थांबत नाहीं.

आतां अशा विहिरींवर सूर्याची वीज येऊं लागली आहे. २०२४ सालीं राज्य सरकारनें ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू केली. तींत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा असतो. सौर पॅनेलची वीज मात्र एकाच दिशेनें वाहते, आणि पुष्कळ मोटारींना हवा असतो उलटसुलट प्रवाह, सेकंदाला सुमारें ५० वेळां संथपणें चढून उतरणारा. हें रूपांतर इन्व्हर्टर करतो. त्यांतील इलेक्ट्रॉनिक खटके वीज सेकंदाला हजारों वेळां जोडतात व तोडतात. लाट जेथें उंच हवी तेथें जोडणी अधिक वेळ टिकते, जेथें उतरती हवी तेथें कमी. सरासरीनें पाहिलें तर ही लाटच. प्रत्यक्षांत मात्र तीक्ष्ण ठोक्यांची रांग.

हे ठोके लांब तारेंतून खालीं जातात, तेव्हां मोटारीपाशीं आदळून मागें परततात, आणि तेथील दाब जवळजवळ दुप्पट होऊं शकतो. मोटारीच्या गुंडाळीवरील आवरण अशानें हळूहळू खचतें.

यावर उपाय गाळणीचा. तिच्यांत एक वेटोळें व एक कंडेन्सर असतो. वेटोळें उंसानें लादलेल्या गाडीसारखें. संथ ओढीनें चालतें, झटक्यांना दाद देत नाहीं. ५० आवर्तनांच्या प्रवाहाला त्याचा जितका अडथळा, त्याच्या शंभरपट ५००० आवर्तनांच्या प्रवाहाला. कंडेन्सरचा स्वभाव उलट. वेगवान आंदोलनांना तो सोपी वाट देतो, म्हणून उरलेले ठोके मोटारीकडे न जातां त्याच्यांतूनच परततात. पूर्वीं मोटेचें पाणी भसकन् थारोळ्यांत पडे, पण पाटानें संथ वाहत जाई. कंडेन्सर हें विजेचें थारोळेंच होय.

या जोडीला स्वतःचें असें एक आवर्तन असतें. तें ५० च्या बरेंच वर, पण ठोक्यांच्या बरेंच खालीं ठेवावें लागतें. तें ७०० धरलें, तर ५००० चा ठोका सुमारें पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. ५० ची लाट मात्र जवळजवळ जशीच्या तशी पार होते. तें ठोक्यांच्या आवर्तनाजवळ आलें, तर गाळणीच आंदोलनें वाढवील.

तार आंखूड असेल तेथें गाळणीवांचूनही भागतें, कारण मोटारीची गुंडाळी प्रवाह बराचसा संथ करते. खोल विहिरीची गोष्ट निराळी. पंप घेतांना अश्वशक्ति सगळेच विचारतात. तारेची लांबी सांगून गाळणीचीही चौकशी केली, तर विहिरीच्या तळाशीं असलेली मोटार वारंवार वर काढण्याचा प्रसंग टळतो.